मनात उठले, पण आले कुठून?

प्रार्थनेला बसावे आणि काही कारण नसताना डोळे भरून यावेत. आठवड्याने त्याच जागी, त्याच वेळी बसावे तर मन कोरडे ठणठणीत. रविवारी मिस्सेत एकाएकी वाटावे की नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेला लागावे आणि सोमवारी सकाळी तोच विचार वेडेपणाचा वाटावा. कधीच कबूल केलेले, क्षमा मिळालेले जुने पाप रात्री आठवून जीव कासावीस व्हावा. श्रद्धेने जगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात अशी उलथापालथ चालू असते. ती येते कुठून आणि तिचे करायचे काय, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येकाचा आहे.

बहुतेकांनी यासाठी एक सोपा हिशेब करून ठेवलेला असतो. बरे वाटले की देवाकडून, वाईट वाटले की सैतानाकडून. या हिशेबाने माणसे फसतात. बरे वाटले म्हणून नको त्या वाटेला लागतात आणि वाईट वाटले म्हणून हातातले चांगले काम टाकून देतात. भावना गोड आहे की कडू, यावरून तिचा उगम कळत नाही. ती आपल्याला कुठे घेऊन जाते, यावरून कळतो. आणि ती कुठे नेते हे दिसायला तिला थोडा वेळ द्यावा लागतो, तोवर तिच्या हाती निर्णय सोपवायचा नसतो. संत योहानाने आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वासणाऱ्यांना बजावले आहे की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. ही पारख शिकता येते.

लोयोलातला जखमी सैनिक

या विषयातला सर्वांत मोठा शिक्षक अंथरुणाला खिळलेला असताना घडला. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पाम्पलोना किल्ल्यावर फ्रेंचांनी हल्ला केला. तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस नावाच्या सरदारपुत्राचा पाय मोडला. त्याला लोयोला इथल्या घरी आणले. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचे पुस्तक. तेच त्याने वाचायला घेतले.

वाचन थांबले की तो तासन्‌तास कल्पनेत रमायचा. कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी आपण कोणते पराक्रम करू, याची स्वप्ने. कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे आपणही जगावे, अनवाणी यरुशलेमला जावे, असे विचार. दोन्ही विचार चालू असताना त्याला सारखाच आनंद व्हायचा. फरक नंतर पडायचा. पराक्रमाची स्वप्ने ओसरली की मन रिकामे आणि असमाधानी होई. संतांच्या वाटेचे विचार ओसरल्यावरही प्रसन्नता टिकून राही. एके दिवशी हा फरक त्याच्या ध्यानात आला आणि तो चकित झाला.

भावना चालू असतानाच्या गोडीने त्याला काहीच सांगितले नव्हते. जे सांगितले ते तिच्या मागे उरलेल्या अवस्थेने. पुढे १५२२ मध्ये तो मानरेसा या गावी जाऊन राहिला, तपाचरण करू लागला, आणि स्वतःच्या मनात काय घडते याची टिपणे ठेवू लागला. त्यांतून ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक आकाराला आले. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात अंतःकरणातल्या हालचाली ओळखण्याचे नियम आहेत, पहिल्या गटात १४ आणि दुसऱ्या गटात ८. १५४२ मध्ये गोव्यात आलेले संत फ्रान्सिस झेवियर हीच साधना पॅरिसमध्ये इग्नेशियस यांच्या मार्गदर्शनाखाली करून आले होते. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर ही परंपरा नवी नाही.

आधी शरीराला विचारा

पाचव्या शतकात जॉन कॅशियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांची शिकवण लिहून ठेवली. तिच्यात मनातल्या विचारांचे तीन उगम सांगितले आहेत: देव, सैतान आणि आपण स्वतः. यांतला तिसरा उगम आपण हमखास विसरतो. झोप झाली नाही, जेवण वेळेवर नाही, रक्तातली साखर वरखाली झाली, घरात आजारपण चालू आहे, तर मन खचणारच. त्यात सैतान शोधायची गरज नाही.

राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया जिवाला कंटाळून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो, आणि मग चालायला लागतो. देवाशी त्याचे खरे बोलणे होते ते त्यानंतर. म्हणून मन जड झाले की पहिला प्रश्न साधा ठेवा: मी पुरेसा झोपलो का? जेवलो का? कशाची चिंता लागली आहे का?

उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगू नये असे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जा. तसे केल्याने श्रद्धा कमी पडली असे होत नाही. प्रार्थना आणि उपचार दोन्ही एकत्र चालतात. आणि जीव नकोसा झाल्याचा विचार आला असेल तर आजच, एकट्याने न बसता, जवळच्या माणसाला सांगा.

तुमचे तोंड कोणत्या दिशेला आहे?

इग्नेशियस यांचे पहिले दोन नियम पुष्कळांना चक्रावून टाकतात. एकच भावना दोन माणसांत दोन वेगळ्या उगमांची असू शकते. जो माणूस वाईटाकडून अधिक वाईटाकडे चालला आहे त्याला शत्रू गोड गोड वाटायला लावतो आणि पवित्र आत्मा टोचणी लावतो. जो चांगल्याकडून अधिक चांगल्याकडे चालला आहे त्याच्या बाबतीत नेमके उलटे. त्याला पवित्र आत्मा बळ आणि शांती देतो, तर शत्रू अडथळे दाखवतो, घाबरवतो, खिन्न करतो. त्यांनीच दिलेले उदाहरण असे की पाण्याचा थेंब स्पंजवर पडला तर अलगद मुरतो, दगडावर पडला तर आवाज करतो.

समजा, एका भावाने वडिलोपार्जित जमिनीचा धाकट्याचा हिस्सा आपल्या नावावर करून घेतला आहे. प्रवचन ऐकून तो घरी येतो आणि त्याला चैन पडत नाही. ही अस्वस्थता कृपा आहे. ‘देवा, मला शांती दे’ अशी प्रार्थना करून त्याने ती घालवू नये. हिस्सा परत करावा, शांती मागोमाग येईल.

आता दुसरी बाजू. एक ताई अनेक वर्षे धर्मग्रामातल्या मुलांना ख्रिस्ती शिक्षण देत आहेत. एका संध्याकाळी मनात येते, ‘मला काय येते? माझ्यामुळे मुलांचे नुकसानच होत असेल. दुसरे कुणीतरी बरे शिकवील.’ हा विचार नम्रतेच्या कपड्यात आला आहे, पण तो त्यांना कुठे ढकलतो ते पाहा: प्रेमाच्या कामातून बाहेर, एकटेपणाकडे. असा आवाज ऐकायचा नसतो.

पश्चात्ताप आणि नुसता दोषारोप यांतला फरकही इथेच सापडतो. संत पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारच्या दुःखांबद्दल बोलतात. एक देवाला धरून असलेले, जे परिवर्तन घडवते, दुसरे जगाचे, जे मरणाकडे नेते. पवित्र आत्म्याची टोचणी नेमकी असते: काल जावेला जे बोललीस ते चूक होते, जाऊन क्षमा माग. तिच्यात पुढचे पाऊल असते. दोषारोप मोघम असतो: तू मुळातच वाईट आहेस, तुझे काही होणार नाही. त्यात पुढे वाट नसते, नुसती भिंत असते.

इग्नेशियस स्वतः मानरेसामध्ये यातून गेले. सगळी पापे कबूल करूनही काहीतरी राहिले असे त्यांना वाटत राही. पुन्हा कबुली, पुन्हा शंका. हे इतके वाढले की जीव देण्याचे विचार येऊ लागले. सुटका झाली ती हा छळ कोणत्या मार्गाने मनात शिरला आणि कुठे नेऊ पाहतो आहे, हे त्यांनी मागे जाऊन तपासले तेव्हा. मग जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही असे त्यांनी ठरवले, आणि ते मोकळे झाले.

कोरडे दिवस आले तर

इग्नेशियस दोन अवस्था सांगतात. त्यांना आपण सांत्वन आणि शुष्कता म्हणू. विश्वास, आशा आणि प्रीती वाढवणारी प्रत्येक आंतरिक हालचाल म्हणजे सांत्वन. त्यात अश्रू असू शकतात, पापाबद्दलचे दुःख असू शकते. शुष्कता म्हणजे याच्या उलट: मनात अंधार, गोंधळ, हलक्या गोष्टींची ओढ, प्रार्थनेचा कंटाळा, देव दूर गेल्याची भावना. हसणे म्हणजे सांत्वन आणि रडणे म्हणजे शुष्कता, असे समीकरण नाही.

शुष्कतेत काय करावे, याचे नियम सरळ आहेत.

१. निर्णय बदलू नका. शांत मनाने, प्रार्थनापूर्वक जे ठरवले होते त्यावर टिकून राहा. विवाह, व्रत, सेवा, मंडळीतली जबाबदारी यांतले काहीही कोरड्या दिवसांत मोडू नका. सांत्वनात पवित्र आत्मा सल्ला देतो, तसा शुष्कतेत शत्रू देतो. (मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल तर मात्र हा नियम तिथे लावायचा नाही. आधी सुरक्षित ठिकाणी जा.)

२. निर्णय बदलू नका, पण स्वतःला थोडे बदला. प्रार्थनेची वेळ कमी करावीशी वाटते तेव्हाच ती जराशी वाढवा. अर्धा तास ठरवला असेल तर पाच मिनिटे अधिक बसा.

३. कारण शोधा. इग्नेशियस तीन कारणे देतात. आपण साधनेत ढिले पडलो असू. किंवा गोडी नसताना आपण किती टिकतो हे देव पाहत असेल. किंवा गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे, हे आपल्याला उमगावे म्हणून ती काढून घेतली असेल. पहिले कारण असेल तर सुधारा. बाकी दोन असतील तर स्वतःला दोष देऊ नका.

४. आजचा दिवस पाहा. मानरेसामध्ये इग्नेशियस यांच्या मनात आले की असले खडतर जीवन तू अजून सत्तर वर्षे कसे जगणार? त्यांनी उलट विचारले की तू मला एका तासाच्या आयुष्याची तरी हमी देऊ शकतोस का? शत्रू नेहमी पुढची सगळी वर्षे एकदम अंगावर टाकतो. देवाची कृपा आजच्यापुरती असते, आणि आजच्याला पुरते.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की धरा. देव जवळ आहे असे न वाटणे म्हणजे देव जवळ नसणे नव्हे. कोलकात्याच्या संत तेरेसा यांनी गरिबांची सेवा सुरू केली त्या सुमारास त्यांच्या मनात अंधार उतरला, आणि तो कित्येक दशके राहिला. हे जगाला नंतर त्यांच्या पत्रांतून कळले. या अंधारात त्यांना उलगडा झाला तो पुण्यात ईशज्ञान शिकवणाऱ्या एका येशूसंघी धर्मगुरूंच्या मदतीने. त्यांचे नाव फादर जोसेफ नॉयनर. फादरांनी त्यांना सांगितले की यावर मानवी उपाय नाही, म्हणून हा तुमचा दोष मानू नका. येशू जवळ असल्याचा पुरावा म्हणजे त्याची जाणीवच, असे नाही. आणि देवासाठी तुमच्या मनात जी तळमळ आहे तीच तो तिथे असल्याची खूण आहे. त्यानंतर आपण या अंधारावर प्रेम करू लागलो आहोत, असे तेरेसा यांनी त्यांना कळवले. अंधार गेला नाही, पण त्याचा अर्थ बदलला. कोरड्या मनाने जखमा धुणारे त्यांचे हात कुठे नेत होते ते पाहिले की उगमाबद्दल शंका राहत नाही.

गोड दिवसांत अधिक जपा

सांत्वन आले तर देवाचे आभार माना आणि ते लिहून ठेवा, कोरड्या दिवसांत उपयोगी पडेल. पण त्याच्या भरात नवस, व्रत, राजीनामा, मोठी देणगी, लग्नाचा होकार असले काही करू नका. साधना घेणारा उत्साहाच्या भरात वचन देऊ लागला तर त्याला आवरावे, असे इग्नेशियस मार्गदर्शकांना बजावतात. सांत्वन खरोखर देवाचे असले तरी ते ओसरताना मागे ऊब राहते, आणि त्या उबेत आपल्या स्वतःच्या कल्पना मिसळू लागतात. त्या कल्पनांवर देवाची सही नसते.

शिवाय चांगल्या माणसाला शत्रू वाईटाचे आमिष दाखवत नाही. तो चांगले काहीतरी पुढे करतो. पौलाने म्हटले आहे की सैतान प्रकाशाच्या दूताचे सोंग घेतो. याचे अप्रतिम उदाहरण इग्नेशियस यांच्याच आयुष्यात आहे. तिशी ओलांडल्यावर बार्सिलोनात ते लॅटिन व्याकरण शिकू लागले. पाठांतराला बसले की त्यांना विलक्षण आध्यात्मिक विचार सुचू लागत, मन भरून येई, आणि पाठांतर राहून जाई. मग त्यांच्या लक्षात आले की प्रार्थनेला किंवा मिस्सेला बसल्यावर हे विचार इतके जोरात येत नाहीत. अभ्यासाच्याच वेळी येतात. त्यांनी गुरूंना गाठले आणि दोन वर्षे एकही तास न चुकवता शिकेन असे वचन दिले. विचार थांबले.

याच कसोटीवर आपले अनुभव लावून पाहा. प्रार्थनासभेला रोज रात्री जाण्याची ओढ लागली आहे, पण घरी आजारी सासूबाई एकट्या राहतात आणि मुलांचा अभ्यास पडतो. उपवासाने उत्साह वाढला आहे, पण घरच्यांवर चिडचिडही वाढली आहे. मंडळीतली चूक दाखवण्याचा आवेश आला आहे, पण बोलून झाल्यावर तोंडात कडवटपणा उरतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात याकोब आणि योहान शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागतात. त्यांना तो आवेश प्रभूसाठीच वाटत होता. येशूने त्यांनाच धमकावले.

म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट असे तिन्ही टप्पे पाहायला इग्नेशियस सांगतात. तिन्ही चांगले असतील तर विचार चांगला. शेवटी तो आधीच्यापेक्षा कमी चांगल्या गोष्टीकडे नेत असेल, मनाची शांती हिरावत असेल, माणसांबद्दल तुच्छता निर्माण करत असेल, तर सुरुवात कितीही पवित्र असली तरी मागे या आणि वाट कुठे वाकडी झाली ते शोधा. त्यासाठी गलतीकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळांची यादी हाताशी ठेवा. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यांतले काय वाढले आणि काय आटले, हे घरच्यांना विचारा. त्यांना ते आपल्याआधी दिसलेले असते.

रोजची पंधरा मिनिटे

ही पारख अभ्यासाने येते, आणि त्यासाठी रात्री झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटे पुरतात.

पहिल्यांदा दिवसभरातल्या एक-दोन गोष्टींसाठी आभार माना, नेमक्या गोष्टींसाठी. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागा, कारण आपण आपले वकील म्हणून बसलो तर खटला जिंकूच. मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्या. मन कुठे उघडले, कुठे आक्रसले? त्या वेळी कोणता विचार होता? तो तुम्हाला कुठे घेऊन गेला? जिथे चुकले तिथे क्षमा मागा. आणि उद्याची एक गोष्ट ठरवा.

शेवटी वहीत दोन ओळी लिहा: काय वाटले, आणि त्यानंतर मी काय केले. अर्थ लगेच लावू नका. महिन्याने ती पाने सलग वाचा. एकट्या दिवसात न दिसणारी वाट तेव्हा दिसू लागते. कोणत्या विचारामागे नेहमी खिन्नता येते, कोणत्या ओढीमागे घरात प्रेम वाढते, हे तुमच्याच अक्षरांत सापडेल. इग्नेशियस म्हणत की शत्रू किल्ल्याभोवती फिरून तटाची सर्वांत कच्ची बाजू शोधणाऱ्या सेनापतीप्रमाणे वागतो. आपली कच्ची बाजू कोणती, हे त्या वहीत कळते.

एकट्याने ठरवू नका

शत्रूला सगळ्यांत जास्त हवी असते गुप्तता. ‘हे कुणाला सांगू नकोस, त्यांना समजणार नाही’ असे ज्या विचारासोबत येते, तो विचार आधी सांगून टाका. अनेक भयंकर वाटणारे विचार उच्चारताच निम्मे होतात. धर्मगुरू, पाळक, धर्मभगिनी किंवा प्रार्थनेत मुरलेले एखादे वडीलधारे माणूस निवडा. ते ऐकणारे असावे, गुप्तता पाळणारे असावे आणि तुमचा निर्णय स्वतः न घेणारे असावे. ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे’ म्हणत तुमच्या लग्नाचे, पैशांचे, नोकरीचे हुकूम सोडणाऱ्यापासून दूर राहा. शक्य असेल तर वर्षातून काही दिवस तपसाधनेला जा. तिथे मौन आणि मार्गदर्शन दोन्ही मिळते.

एखादा मोठा निर्णय आज मनात असेल तर त्याला लगेच होकारही देऊ नका आणि नकारही नको. महिनाभर त्याच्याबद्दल रोज प्रार्थना करा, रोज दोन ओळी लिहा, विश्वासाच्या एका माणसाला वाचून दाखवा. देवाकडून आलेली हाक महिनाभर थांबल्याने विझत नाही. उलट ती अधिक स्पष्ट आणि अधिक शांत होते, आणि तुम्हाला तुमच्या माणसांच्या जवळ आणते. जी हाक थांबायला तयारच नसते, जी घाई करते, धमकावते, एकटे पाडते, तिला नकार देताना कचरू नका.